वडाच्या कमरेचा लाल दोरा

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी निवृत्त माणूस आपल्या नोकरीबद्दल लिहितो. यंदा संपादक ताईंनी मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं की मी अजून धड नोकरीला लागले नाही, तर निवृत्त कशी होऊ. त्या म्हणाल्या, "तू लोकांच्या घरी जाऊन झाडांच्या साली बघतेस ना, तेच लिही. तसं काम करणारी आपल्यात दुसरी कोणी नाही." हे खरं आहे. आमच्यातच काय, गावातही फारसं कोणी नसावं. म्हणून लिहिते आहे. शाळा हिंदीत झाली, मराठी घरात ऐकून आली, त्यामुळे कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय वनस्पतीशास्त्र. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आजोबा भंडाऱ्याकडून इथे मजुरीला आले, बाबा वर्कशॉपमध्ये फिटर आहेत, आई शिवणकाम करते. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर ग्वारीघाटच्या रस्त्यावरची एक नर्सरी, असा माझा दिवस. नर्सरीत मी पहिल्यांदा गेले ती प्रॅक्टिकलसाठी वडाची एक फांदी मागायला. मालक दुबे भैया म्हणाले, फांदी घे, पण तेवढ्या चार रांगांना पाणी घालून जा. पाणी घालून झाल्यावर मी कोपऱ्यातल्या बोनसायांसमोर बसून राहिले. भैयांनी दोन-तीनदा येऊन पाहिलं आणि मग आपल्या माळ्याला सांगितलं, "इसको कोई जल्दी नहीं है, बोनसाय इसी को दे दो." माझी मुलाखत म्हणाल तर ती एवढीच.

बोनसाय म्हणजे उपाशी ठेवून खुजं केलेलं झाड, असं पुष्कळांना वाटतं. एका आजींनी तर मला तोंडावर सांगितलं होतं की हे पाप आहे. तसं नसतं. कुंडी उथळ असते, मुळं आणि फांद्या वेळोवेळी छाटतात, पण झाडाला खत, पाणी, ऊन सगळं पोटभर मिळतं. मोठ्या झाडाला जे होतं ते सगळं त्याला होतं. पानं गळतात, पारंब्या सुटतात, खोड जाड होतं. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी यासाठी फार सोयीची, कारण ती रुसत नाहीत. छाटलं की फुटतात.

गिऱ्हाईक आलं की पानांबद्दल बोलतं. पानं पिवळी पडली, पानं लहान आली, पानांवर डाग आहेत. मी पानांकडे शेवटी बघते. पान आज आहे, उद्या नाही. झाडाला गेल्या वर्षी काय झालं ते सालीवर असतं. वडाची कोवळी फांदी हिरवी असते, मग ती तपकिरी होते, मग हळूहळू राखाडी. त्यावर बारीक उंचवटे येतात, तांदळाच्या कणीएवढे. ती झाडाची श्वास घ्यायची भोकं. कुठे जखम झाली की तिच्या चारी कडांनी नवी साल ओठासारखी पुढे सरकते आणि एक दिवस ओठ मिटतात. आणि जिवंत की मेलेली असा प्रश्न पडला, तर नखानं थोडंसं खरवडायचं. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. चीक आला तर अगदीच उत्तम. तो चीक हाताला लागला की साबणानं निघत नाही, तेलानं निघतो. त्यामुळे माझ्या बॅगेत वह्यांबरोबर खोबरेल तेलाची बाटली असते आणि दर महिन्याला एक तरी वही पारदर्शक होते.

माझं पहिलं घरगुती गिऱ्हाईक बँकेतले एक साहेब होते. त्यांच्या वडाला देवी आल्या होत्या, चेचक. म्हणजे त्यांचं तसं म्हणणं होतं. त्यांनी फोनवर दुबे भैयांना सांगितलं की खोडावर दाणे आले आहेत आणि वाढतच आहेत. मी गेले तर साहेब हातात टूथब्रश घेऊन गच्चीत बसलेले. ते सगळे दाणे ब्रशनं घासून काढत होते, वर हळदीचा लेप लावत होते, आणि दाणे परत येत होते. मी भीत भीत सांगितलं की सर, हे झाडाचं नाक आहे. ते बराच वेळ ब्रशकडे बघत बसले. मग म्हणाले, म्हणजे मी रोज सकाळी याचं नाक दाबत होतो. आता ते झाड उत्तम आहे. साहेब भेटले की अजून विचारतात, दाणे कसे दिसतात? मी म्हणते, भरपूर आहेत सर.

दुसरी गोष्ट इतकी हसण्यासारखी नाही. भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती करणाऱ्या एका दुकानात, दारातच एक पाखर ठेवलेली होती. पाखर म्हणजे वडा-पिंपळाचीच बहीण. सुंदर झाड, तिरकं वाढवलेलं. दुकानातल्या कारागिराला वाटलं की खोड फार मळकट दिसतं. त्यानं मूर्तीला करतात तसं खोडाला मेण-पॉलिश केलं आणि फडक्यानं चकाकवलं. लोक येऊन विचारायचे, हे दगडात कोरलंय का? त्याला याचा इतका आनंद की तो दर पंधरवड्याला पॉलिश करू लागला. मला बोलावलं तेव्हा अर्ध्या फांद्या वाळल्या होत्या. कोमट साबणपाण्यानं कापसाचे बोळे घेऊन मी चार रविवार ते मेण काढत बसले. कारागीर शेजारी बसून बोळे भिजवून द्यायचा. झाड वाचलं नाही. त्यानं मला एकदाही विचारलं नाही की माझ्यामुळे का. मीही सांगितलं नाही. येताना त्यानं मला छोटा संगमरवरी हत्ती दिला, तो माझ्या टेबलावर आहे. तेव्हापासून नव्या घरी गेले की पहिला प्रश्न विचारते: खोडाला काय लावता? काय बांधता?

हा दुसरा प्रश्न त्यात आला तो पुराणिकांच्या वडामुळे. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. नाव तेवढं बदललं आहे.

पुराणिक काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं, त्यामुळे हिंदी आमच्यासारखीच, मराठी मात्र जरा जपून ठेवलेली. नोकरीत असताना एका स्टेशनच्या पाण्याच्या टाकीच्या भेगेत उगवलेलं वडाचं रोप त्यांनी उपटून आणलं आणि कुंडीत लावलं. पुढे बदल्या झाल्या, मुलं मोठी झाली, लग्नं झाली, आणि वड कुंडीतच म्हातारा झाला. नर्सरीत काका येत तेव्हा दुबे भैयासुद्धा खुर्ची सोडत. तार कशी गुंडाळायची ते मला काकांनीच शिकवलं. फांदीला वळण द्यायला आम्ही अॅल्युमिनियमची तार गुंडाळतो. ती वेळेवर काढली नाही तर फांदी जाड होते, तार सालीत रुतते, आणि तो व्रण वर्षानुवर्षं जात नाही. काका म्हणायचे, तार घालणारा कोणीही असतो, काढणारा लक्षात ठेवून यावा लागतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, थोडे महिने जिने चढू नका. ती मुदत काकूंनी आपणच वाढवली. वर्ष झालं तरी काका खालच्या खोलीत आणि वड वर गच्चीत. काका फोटो मागत. काकू रोज एक फोटो काढून आणत. यंदा जूनमध्ये काकांनी नर्सरीत फोन करून सांगितलं, पोरीला पाठव, फोटोत पानं फिकी दिसून राहिली, आणि तिची काकू नेहमी वरच्या अर्ध्या झाडाचाच फोटो काढते.

मी गेले. काकूंनी दार उघडलं, नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या, आणि मग चहात साखर किती घालू ते विचारलं. आम्ही वर गेलो.

वड एका चौरंगावर ठेवला होता. उथळ कुंडी, खोड माझ्या मनगटाहून चांगलंच जाड, आणि खाली मुळांचा पसारा असा की जणू झाड मांडी घालून बसलंय. खोडाच्या मध्यावर पांढऱ्या सुताचे सैलसर फेरे होते. ते मला समजलं. आमच्या गावी हिंदीवाल्या बायका वडाची पूजा अमावास्येला करतात, मराठी बायका पुढच्या पौर्णिमेला. अमावास्या होऊन गेली होती. काकूंच्या शेजारच्या भाभी दरवर्षी याच कुंडीला फेरे घालतात, कारण चौकातल्या मोठ्या वडाशी फार गर्दी असते. तर अमावास्येला भाभी, पौर्णिमेला काकू, असं त्या वडाचं वर्षातून दोनदा काम असतं.

सुताच्या वर खोड विचित्र फुगलं होतं. पोळीला वाफ धरावी तसं, पण एका कड्यासारखं, चहूबाजूंनी. आणि सुताच्या खाली, जिथे कधीच फांद्या नव्हत्या, तिथे कोवळे लालसर कोंब आले होते. काकू म्हणाल्या, बघ, अंग भरून राहिलंय, आणि खालूनही फुटून राहिलंय, पण यांना फोटोत पानंच दिसतात. मी पांढरं सूत बोटानं बाजूला केलं. त्याच्याखाली, फुगलेल्या सालीच्या घडीत, एक लाल चकचकीत दोरा रुतून बसला होता. अर्धा दिसत होता, अर्धा सालीनं गिळला होता.

इथे थोडं कॉलेजचं सांगते. मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातून वर जातं. पानांनी केलेलं जेवण सालीतून खाली येतं. सालीभोवती काही घट्ट बांधलं की पाणी वर जात राहतं, पण जेवण बांधलेल्या जागी अडतं. म्हणून दोऱ्याच्या वर फुगवटा, आणि खाली मुळं उपाशी. खालचे कोंब म्हणजे झाडाची तब्येत नव्हे, उपाशी मुळांची स्वतःची चूल. ते पुरे पडत नव्हते म्हणून वर पानं फिकी होत होती. दोरा कापला असता तर वड चार-सहा महिन्यांत सावरला असता. मी तेच म्हटलं, की काकू, हा लाल दोरा कापावा लागेल, नाहीतर झाड राहणार नाही.

काकूंनी जिन्याकडे पाहिलं. "हळू बोल. ते ऐकून राहिले असतील."

मग त्यांनी सांगितलं. कच्चं सूत पावसात कुजतं, पडून जातं, दरवर्षीचंच ते, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी पौर्णिमा आली तेव्हा काका नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले. सूत तुटणार, हा विचारच काकूंना सहन होईना. म्हणून ग्वारीघाटावरच्या पूजेच्या दुकानात जाऊन त्यांनी न तुटणारा दोरा मागितला. दुकानदारानं नायलॉन मिसळलेला कलावा, मनगटाला बांधतात तो लाल दोरा, दिला आणि म्हटलं, अम्मा, हे हाथीकडूनही तुटणार नाही. काकूंनी सात फेरे आवळून घातले, वर गाठीवर गाठ मारली. काकांच्या नजरेला पडू नये म्हणून फोटो वरच्या अर्ध्याचा.

"वर्षभर त्यांना काही झालं नाही," काकू म्हणाल्या. "आता तू म्हणतेस काप. काहून कापू?"

आमच्या अभ्यासक्रमात हा धडा नाही. मी खालचे कोंब काढू नका, फवारा मारत राहा, एवढं सांगून आणि काकांना दोऱ्याचं सांगणार नाही असं कबूल करून निघाले. खालून काकांनी हाक मारली, तर मी म्हटलं की उद्या येऊन सगळं सांगते, आज प्रॅक्टिकल आहे. रविवार होता.

घरी मी आईला ही गंमत म्हणून सांगितली. आमच्या घरी वटपौर्णिमा नसते, पूजापाठ नसतो, बुद्धवंदना असते. मला वाटलं आई हसेल. ती मशीन थांबवून म्हणाली, "तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्यांचा डबा मी खुंटीवरून कोणाला उतरवू दिला नव्हता. तुझ्या मावशीनं घासायला घेतला तर तिच्याशी भांडली होती मी. आपल्यात दोरा नसते बांधत, पण हसू नको." आणि मशीन पुन्हा सुरू केली. मी त्या रात्री गुटी कलमाचं प्रकरण काढून वाचलं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर माझी तोंडी परीक्षा झाली. काकू वर कपडे वाळत घालत होत्या. काकांनी विचारलं, पानं कशी? फिकी. वरची साल? फुगली आहे. कुठे? मध्यावर. आणि खाली? खाली कोंब आहेत. काका म्हणाले, "वर फुगलंय, खाली फुटलंय. म्हणजे मधे काहीतरी बांधलंय. तार मी कितीतरी वर्षांत घातली नाही."

मी पंख्याकडे बघत राहिले.

"लाल आहे का?"

मी मान हलवली.

"घट्ट?"

मी म्हटलं, खूप.

काका हसले. ऑपरेशननंतर ते छातीवर हात ठेवून हसतात, सांडू नये म्हणून धरल्यासारखं. म्हणाले, मलाही तिनं वर्षभर तसंच बांधून ठेवलंय. मग जरा वेळानं, "तिला सांगू नको मला कळलं म्हणून." अशा रीतीनं त्या घरात मी दोघांचीही गुपितं सांभाळणारी झाले, आणि पगार मात्र नर्सरीचा.

मी काकांना रात्री सुचलेलं सांगितलं. नर्सरीत पावसाळ्यात आम्ही डाळिंबाच्या, पेरूच्या फांदीला गुटी बांधतो. फांदीची साल एका जागी कड्यासारखी काढायची, वर ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, बांधायचं, त्यावर प्लास्टिक. जेवण अडतं, तिथे फुगवटा येतो, आणि ओलावा मिळाला की त्या फुगवट्यातून मुळं सुटतात. मग त्याखाली कापून नवं झाड लावायचं. इथे साल काढायचं काम दोऱ्यानं केलंच होतं. फुगवट्यावर मी नखानं तपासलं होतं, रोजच्या फवाऱ्यानं दोन-तीन पांढरे ठिपके वर आलेले होते. मुळं दार ठोठावत होती. मॉस बांधलं तर महिना-दीड महिन्यात वरचं झाड आपल्या नव्या मुळांवर उभं राहील. खालचा बुंधा आपल्या कोंबांवर जगेल. आणि दोऱ्याला कोणी हात लावायचा नाही.

काका चादरीवर बोटानं रेघा ओढत राहिले. मला वाटलं मी काहीतरी मूर्खपणाचं बोलले. मग त्यांनी विचारलं, "मुळांचा पसारा खालीच राहील?"

मी हो म्हटलं. तो पसारा, ते मांडी घालून बसणं, ही त्यांची आयुष्यभराची करामत होती. लोक ती बघायला यायचे. दगडावर मुळं पसरवून, दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलून, एकेक मूळ बोटानं वळवून केलेली. वरच्या झाडाला तसा बुंधा यायला पुन्हा वीस वर्षं. आणि खालच्या बुंध्याला वर झाड यायला तेवढीच. दोन्ही अर्धी.

"दोरा कापला तर अख्खं राहतं," मी म्हटलं. "तुम्ही काकूंना सांगितलं तर त्या ऐकतील."

"ऐकेल," काका म्हणाले. "आणि मग मला साधी शिंक आली तरी रात्रभर जागेल. तू गुटी बांध."

वर जाऊन मी काकूंना समजावलं. त्या नीट ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, म्हणजे झाड कापायचं आणि दोरा नाही. मी म्हटलं हो. त्या म्हणाल्या, हे जरा उलटंच आहे. पण चहा आणायला गेल्या, म्हणजे मान्य होतं.

मी फुगवट्याची साल चाकूनं हलकेच खरवडली, मुळं फुटायची पावडर लावली, मॉस पिळून बसवलं आणि प्लास्टिक सुतळीनं बांधलं. वडाला पोटपट्टा बांधल्यासारखं दिसू लागलं. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा अख्ख्या झाडाचा फोटो काढला, कारण आता दोरा दिसत नव्हता. काकांनी तो फोटो बघून फार आश्चर्य दाखवलं. त्यांना नाटकाची हौस असावी.

पौर्णिमेच्या सकाळी मी कॉलेज बुडवून गेले. खरं सांगायचं तर पहारा द्यायलाच गेले होते. काकू नऊवारीत, हातात आंब्यांचं ताट आणि सुताचं रीळ. माझ्या हातात फवारा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. मी म्हटलं, काकू, सूत खोडाला नको, कुंडीला गुंडाळा. कुंडी वाढत नाही. आणि पुढेमागे कधी झाडाला बांधलंच, तर दोन बोटं आत जातील एवढं सैल ठेवा, जातात का ते अधूनमधून बघत राहा. त्यांनी विचारलं, कुंडीला घातलेलं पोचतं का? मी म्हटलं, मुळं तिथेच असतात. त्यांनी कुंडीभोवती सात फेरे घातले आणि मला वाण म्हणून एक आंबा दिला. मी म्हटलं माझं लग्न नाही झालेलं. त्या म्हणाल्या, आंबा आहे, घे गुपचूप.

मग वाट बघणं. आमच्या धंद्यात हेच काम जास्त असतं आणि त्याचं काही सांगण्यासारखं नसतं. मॉस सुकलं तर सिरिंजनं पाणी द्यायचं, प्लास्टिकमधून डोकवायचं. आधी काही दिसत नाही. मग एक दिवस आतून प्लास्टिकला टेकलेलं पांढरं टोक दिसतं. मग दुसरं. काकू वरून ओरडून खाली बातमी देत. वरची पानं पुन्हा गडद झाली. श्रावण संपता संपता प्लास्टिकच्या आत मुळांचं जाळं झालं आणि ती तपकिरी व्हायला लागली. तेव्हा समजायचं की आता ती पाणी ओढू शकतात.

कापायच्या दिवशी काका म्हणाले, मी वर येणार. काकू म्हणाल्या नाही. काका म्हणाले, माझं झाड कापून राहिली ती पोरगी, मी खालून आवाज ऐकू का? मग ते जिना चढले. दर दोन पायऱ्यांनी थांबत, मागे काकू, त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर हात धरून. वर आल्यावर काका आधी झाडाकडे गेले नाहीत. गच्चीच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी सगळीकडे पाहिलं, कोणाच्या छतावर नवी टाकी बसली ते विचारलं. मग येऊन चौरंगासमोर बसले आणि बुंध्यावरून, त्या मुळांवरून तळहात फिरवला. एकदाच. मग मला म्हणाले, चल.

मी करवत दोऱ्याच्या अगदी वरून, मुळांच्या खालून चालवली. चीक इतका आला की करवत चिकटत होती. वरचं झाड माझ्या हातात आलं तेव्हा ते वाटलं त्याहून हलकं होतं. काकांनीच ते नव्या कुंडीत बसवलं, जरा तिरकं, आणि काडीनं माती आत दाबली. काकूंनी पाणी घातलं. जुन्या कुंडीत आता बुंधा, चार कोंब आणि कापलेल्या काठावर तो लाल दोरा. वरचा फुगवटा गेल्यामुळे त्याला अडवणारं काही उरलं नव्हतं. चिकानं घट्ट धरला होता, पण मी बांबूच्या काडीनं सगळीकडून सोडवत नेला, आणि तो गाठीसकट, जसा बांधला होता तसा, कड्यासारखा वर निघून आला.

मी तो काकूंच्या हातावर ठेवला. त्यांनी फिरवून पाहिला. "तुटला नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही काकू, अख्खा आहे.

त्या तो घेऊन उभ्याच राहिल्या. आता तो कुठे ठेवायचा हे त्यांना कळेना, आणि मलाही सुचेना. तेव्हा काकांनी मातीचा हात धोतराला पुसला आणि पुढे केला.

"आता मला बांध. वर्षभर बिचाऱ्यानं माझ्यासाठी सोसलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तू सांगितलंस का, असं ते बघणं होतं. मी झाडाला पाणी पुरेसं झालं का ते बघू लागले. त्या काकांना म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. काका म्हणाले, लाल होता एवढंच माहीत होतं.

बांगडी भरताना करतात तशी काकांनी बोटं जुळवली. कडं अंगठ्याच्या मुळाशी अडकलं. काकूंनी दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं, माझ्या बॅगेतलं खोबरेल तेल लावून पाहिलं. काका म्हणाले, कासाराला बोलव. दोरा काही पुढे जाईना.

"काप," काका म्हणाले.

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मी माझा कटर पुढे केला, मूठ काकूंकडे करून. कापायला नव्हे, त्यांना हवा असला तर असावा म्हणून. काकूंनी तो घेतला. गाठ शोधून तिच्या अगदी शेजारी कापलं आणि सात फेरे हळूहळू उलगडले. लांबच लांब दोरा झाला, कुठे लाल, कुठे चिकानं पांढरा. तो त्यांनी काकांच्या मनगटाभोवती गुंडाळला, एक साधी गाठ मारली, आणि मग आपली दोन बोटं दोऱ्याच्या आत घालून पाहिली.

"जातात," त्यांनी मला सांगितलं.